काशीतून निघालेला पाहुणा स्वर

१

इंग्लंडमधील कॅथीड्रलांत सायंकालीन उपासना गाऊन करण्याची प्रथा शतकानुशतके चालत आली आहे. तिचा आराखडा १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात प्रथम ठरला आणि १६६२ च्या पुस्तकात तो स्थिरावला. त्या त्या दिवसाला नेमून दिलेली स्तोत्रे, बायबलमधील दोन पाठ, त्या पाठांमागून मरियेचे आणि वृद्ध शिमोनाचे स्तोत्र, मग प्रार्थना व एखादे स्वतंत्र गीत, असा हा क्रम आहे. दीडशे स्तोत्रांची वाटणी महिन्याच्या तीस दिवसांत, सकाळ आणि संध्याकाळ, अशी केलेली असल्यामुळे दरमहा स्तोत्रसंहितेचे एक आवर्तन पुरे होते. मराठी वाचकाला येथे पारायणाची आठवण व्हावी. गायक दोन बाजूंना समोरासमोर बसतात आणि स्तोत्राचे चरण आलटूनपालटून गातात. वारकरी भजनातील टाळकऱ्यांच्या समोरासमोरच्या ओळी ज्याने पाहिल्या आहेत, त्याला ही रचना फारशी परकी वाटणार नाही.

उन्हाळ्यात कॅथीड्रलची स्वतःची गायनमंडळी सुटीवर जाते. त्या काळात उपासनेत खंड पडू नये म्हणून बाहेरच्या मंडळींना पाचारण केले जाते. गावोगावच्या, आणि पुष्कळदा समुद्रापलीकडच्या, चर्चमधील हौशी गायक स्वखर्चाने येतात, आठवडाभर रोज सायंकाळी गातात आणि परत जातात. जलशासाठी केलेल्या दौऱ्याहून हा दौरा निराळा असतो. येथे कार्यक्रम पाहुण्याने ठरवायचा नसतो, उपासना संपल्यावर टाळ्या पडत नाहीत, गायकाच्या नावाला महत्त्व नसते. यजमानाच्या घरची नित्यपूजा पाहुण्याने आपल्या कंठातून चालू ठेवायची, एवढेच त्याचे काम. त्याचे स्वतःचे असे काही उरत असेल, तर ते स्वराच्या जातीत, उच्चारात आणि क्वचित एखाद्या गीताच्या निवडीत.

अशा दौऱ्यांविषयी लिहिताना सामान्यतः त्यातील आतिथ्याचे आणि आनंदाचे वर्णन केले जाते. वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र एक वेगळा प्रश्न पडतो. परक्या देवघरात गाणारा पाहुणा स्वतःबरोबर काय घेऊन जातो, आणि त्यातले यजमानाला काय ऐकू येते? पाहुणा आणि यजमान एकाच परंपरेतले असतील तर प्रश्न हलका आहे. पाहुणा जित देशातला आणि यजमान जेत्यांच्या देशातला असेल, तर तोच प्रश्न इतिहासाचा होतो. वाराणसीच्या संदर्भात हा प्रश्न विचारू लागलो की समोर एका मराठी घराण्यातील स्त्री उभी राहते. तिचे नाव एलन लक्ष्मी गोरे. काशीत जन्मलेल्या या स्त्रीने रचलेले एक इंग्रजी उपासनागीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेतील मंडळ्यांत गायले जाऊ लागले आणि पुढे कित्येक पिढ्या गायले गेले. मराठी वाङ्मयेतिहासात मात्र तिची गणना सहसा होत नाही. तसे का व्हावे, आणि व्हावे की नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

काशीशी मराठी माणसाचे नाते केवळ यात्रेकरूचे नाही. पैठणहून गेलेल्या भट्ट घराण्याने तेथील धर्मशास्त्रपरंपरेवर आपली मुद्रा उमटविली आणि त्याच घराण्यातील गागाभट्टांनी शिवछत्रपतींचा राज्याभिषेक केला. अठराव्या शतकात विश्वनाथाचे मंदिर अहल्याबाई होळकरांनी पुन्हा उभे केले. पंचगंगा घाट, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची घटना सोळाव्या शतकातली आहे. एकनाथांचे भागवत शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, वाराणसीत पूर्ण झाले. देववाणीच्या या नगरीत प्राकृतात भागवत सांगण्याला तेथील पंडितांनी आक्षेप घेतला आणि शेवटी त्याच ग्रंथाची मिरवणूक काढली, असे परंपरा सांगते. कथेतील तपशील बाजूला ठेवला तरी तिचा अर्थ स्पष्ट आहे. परक्या देवघरात स्वतःच्या भाषेत गाण्याचा हक्क मागावा लागतो आणि तो कधीकधी मिळतोही, ही गोष्ट मराठी परंपरेला काशीनेच शिकविली होती.

या काशीत नीलकंठशास्त्री गोरे यांचे विद्याध्ययन झाले. चित्पावन कुळातल्या नीलकंठशास्त्र्यांचा जन्म १८२५ साली झाशीजवळच्या काशीपुरा या गावी झाला. कुटुंब सुस्थितीतले व शास्त्राभ्यासाचे होते. तारुण्यात त्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ ख्रिस्ती मतखंडनासाठी लिहिला. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ यांच्याशी वाद घालण्यासाठी ते जात राहिले. खंडनासाठी बायबल वाचता वाचता त्यांचाच निश्चय डळमळला आणि मार्च १८४८ मध्ये जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नीलकंठाचे नेहेम्या झाले. पुढे १८६० मध्ये त्यांनी हिंदीत ‘षड्दर्शनदर्पण’ लिहिला. तर्काची शिस्त त्यांनी काशीच्या पाठशाळेतून उचलली आणि ती काशीच्याच दर्शनांविरुद्ध वापरली. त्यांचा धर्म बदलला, वादपद्धती बदलली नाही. हे त्यांच्या आयुष्यातील मर्म आहे आणि कन्येच्या आयुष्याशी तुलना करताना ते ध्यानात ठेवावे लागेल.

एलनचा जन्म ११ सप्टेंबर १८५३ रोजी वाराणसीत झाला. आई लक्ष्मीबाई त्याच वर्षाच्या डिसेंबरात वारल्या. मुलीच्या नावाच्या मध्यभागी आईचे नाव राहिले. वडील १८५४ मध्ये महाराजा दुलीपसिंग यांच्याबरोबर इंग्लंडला गेले. तान्ह्या मुलीला एका निळीच्या मळेवाल्या इंग्रज दांपत्याने वाढविले. १८५७ च्या उठावात त्या कुटुंबाची मालमत्ता गेली. मग रेव्हरंड डब्ल्यू. टी. स्टॉर्स या मिशनऱ्याच्या घरी तिची व्यवस्था झाली आणि १८६५ मध्ये त्यांच्याच कुटुंबाबरोबर ती इंग्लंडला गेली. त्या वेळी ती जेमतेम बारा वर्षांची होती.

येथे थोडे थांबले पाहिजे. पितृगृहातून दूर वाढलेल्या या मुलीचे बालपण इंग्रजी बोलणाऱ्या घरांत गेले. ओव्या, आरत्या, भूपाळ्या, आजीच्या तोंडची गाणी, यांतून मराठी मुलाला भाषेचा पहिला ठेका मिळतो. एलनच्या वाट्याला तो आला नाही. तिच्या कवितेत मराठी लय सापडत नाही अशी तक्रार करण्यापूर्वी ती लय तिच्या कानावर पडण्याची संधी किती थोडी होती, हे लक्षात घेतले पाहिजे.

३

इंग्लंडमध्ये पंधरा वर्षे काढून एलन लक्ष्मी १८८० मध्ये भारतात परतल्या आणि मिशनच्या कामाला लागल्या. त्यांचा कवितासंग्रह लंडनमध्ये १८८३ साली प्रसिद्ध झाला. त्याचे शीर्षक ‘फ्रॉम इंडियाज कोरल स्ट्रँड’, म्हणजे ‘हिंदुस्थानच्या पोवळ्यांच्या किनाऱ्यावरून’. हे शीर्षक वरवर पाहता कवयित्रीच्या जन्मभूमीची ओळख करून देते. प्रत्यक्षात ते रेजिनाल्ड हीबर यांच्या एका प्रसिद्ध मिशनरी गीतातून उचललेले आहे.

हीबर यांनी ते गीत १८१९ मध्ये रेक्सम येथे लिहिले. त्यांचे श्वशुर सेंट असाफ कॅथीड्रलचे डीन होते. परदेशांतील मिशनकार्यासाठी निधी जमवायचा होता आणि त्या प्रसंगीच्या उपासनेसाठी एक गीत हवे होते. हीबर यांनी तोवर हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. ध्रुवप्रदेशापासून उष्ण कटिबंधापर्यंतचे सारे जग आपल्याला हाक मारीत आहे, अशी त्या गीताची कल्पना. त्या नकाशावर हिंदुस्थानची खूण म्हणून कवीने पोवळ्यांचा किनारा काढला. पुढे हीबर कलकत्त्याचे बिशप झाले, १८२४ मध्ये त्यांनी वाराणसी पाहिली, तेथील जयनारायण घोषाल यांच्या शाळेलाही भेट दिली. १८२६ मध्ये त्रिचनापल्लीला त्यांचा अंत झाला. त्यांच्या प्रवासवृत्तांतातील काशी गजबजलेली, अरुंद गल्ल्यांची, डोळ्यांनी पाहिलेली काशी आहे. परंतु इंग्लंडमधील भाविकांच्या मुखी राहिले ते आधीचे, न पाहिलेल्या हिंदुस्थानचे गीत.

तेव्हा घडले ते असे. समुद्रापासून शेकडो मैल आत, गंगेच्या काठी जन्मलेल्या एका स्त्रीच्या कविता इंग्लंडमध्ये पोवळ्यांच्या किनाऱ्याच्या नावाने छापल्या गेल्या. गंगेचा घाट यजमानाच्या ओळखीचा नव्हता, पोवळ्यांचा किनारा होता, कारण तो त्याने स्वतःच कल्पिलेला होता. हे शीर्षक कोणी सुचविले हा मुद्दा गौण आहे. एतद्देशीय लेखकाला स्वतःची ओळख सांगतानाही यजमानाच्या गीतातले शब्द उसने घ्यावे लागत होते, एवढे त्यावरून दिसते. एलन लक्ष्मींची जात, जन्मस्थळ व घराणे यांचा उल्लेख गीतसंग्रहांच्या इंग्रजी माहितीपुस्तकांत आवर्जून केलेला आढळतो. काशीच्या उच्चकुलीन ब्राह्मणाची मुलगी आपले गीत गाते, ही गोष्ट मिशनच्या दृष्टीने एक साक्षच होती. गीतापेक्षा गीतकर्तीचे नाव अधिक हिंदुस्थानी असणे, ही त्या साक्षीची गरज होती.

४

ज्या गीतामुळे त्यांचे नाव राहिले, ते ‘इन द सीक्रेट ऑफ हिज प्रेझेन्स’. एकतिसाव्या स्तोत्रातील एका कल्पनेवर ते उभे आहे. देव आपल्या भक्तांना स्वतःच्या सान्निध्याच्या आडोशाला लपवितो, ही ती कल्पना. तेच स्तोत्र प्रार्थनापुस्तकाच्या वाटणीप्रमाणे दर महिन्याच्या सहाव्या दिवशी सकाळच्या उपासनेत येते. अमेरिकन संगीतरचनाकार जॉर्ज स्टेबिन्स यांनी या गीताला चाल दिली आणि मूडी व सँकी यांच्या धर्मसभांच्या गीतसंग्रहांतून ते सर्वत्र पोचले. या सभांचे संगीत कॅथीड्रलच्या संगीताहून वेगळे होते. शिकविलेल्या मुलांचे आणि पुरुषांचे स्वर गुंफणारी ती बारीक वीण नव्हती. हजारोंच्या समुदायाला एका बैठकीत उचलता येईल अशी ती सोपी चाल असे आणि साथीला सँकी यांची पायपेटी. हार्मोनियमच्याच कुळातली ही वाद्ये युरोपीयांबरोबर हिंदुस्थानातही आली. आपल्या नाटकमंडळ्यांनी आणि कीर्तनकारांनी हार्मोनियम आपलीशी करून तिला ‘पेटी’ हे घरगुती नाव दिले. वाद्याला आपल्या घरात नवी भाषा मिळाली, गीतकर्तीला परक्या घरात स्वतःची भाषा ठेवता आली नाही. इतिहासातील असे उलटेसुलटे प्रवास तपासण्याजोगे असतात.

गीताचा आशय साधा आहे. जीव थकला, तहानला की तो त्या गुप्त सान्निध्यात जाऊन बसतो. तेथे तो आपल्या शंका आणि दुःखे बोलून दाखवितो. शेवटी ऐकणाऱ्यालाच आमंत्रण दिले जाते. तूही त्या सावलीत जा, आणि तेथून बाहेर येशील तेव्हा स्वामींची प्रतिमा तुझ्या चेहऱ्यावर दिसू दे, असे कवयित्री सांगते. फ्रान्सिस रिडली हॅव्हरगल यांच्या पिढीतील इंग्रज भक्तिकवयित्रींचे वळण या रचनेवर उघड दिसते. छंद, प्रतिमा, संबोधन, सारे त्याच घराण्याचे आहे. काशी कोठेही नाही.

चेहऱ्यावर उमटलेल्या प्रतिमेच्या कल्पनेत भारतीय दर्शनाचा, मूर्तीसमोर उभे राहून तिचे रूप डोळ्यांत साठविण्याचा, संस्कार शोधण्याचा मोह होण्यासारखा आहे. तो आवरला पाहिजे. ही कल्पना ख्रिस्ती ग्रंथांतही आहे, आणि लहानपणीच काशीपासून दुरावलेल्या मुलीच्या मनात घाटावरची देवदर्शने कशी झिरपली असतील हे दाखविण्याला आधार नाही. त्याहून अधिक विश्वासार्ह असे काही त्या गीतात आहे. आडोशाची तहान. आई गेली, वडील दूर गेले, दुसरे घर १८५७ मध्ये कोसळले, तिसऱ्या घराबरोबर समुद्र ओलांडावा लागला. अशा व्यक्तीने लपण्याच्या जागेचे गीत लिहावे आणि ती जागा कोणत्याही देशात, कोणत्याही घरात नसावी, ही गोष्ट चरित्र आणि कविता यांचे ढोबळ समीकरण मांडणाऱ्यालाच सुचेल असे नाही. गीताच्या शब्दाशब्दांत ती आहे. इंग्लंड-अमेरिकेतील गाणाऱ्यांना कदाचित तीच ऐकू आली असेल. गीत टिकले ते मिशनच्या साक्षीमुळे नव्हे, कारण ती गरज काळाबरोबर सरली. कर्तीची जात विसरली गेल्यावरही लोक ते गात राहिले.

५

गोरे कन्येच्या या प्रवासाशेजारी आणखी दोन मराठी प्रवास ठेवले म्हणजे त्याचे वेगळेपण स्पष्ट होते. पहिला पंडिता रमाबाईंचा. नेहेम्या गोरे यांच्या लेखनाचे आणि पत्रांचे ऋण रमाबाईंनी मान्य केले आहे. १८८३ मध्ये, म्हणजे एलन लक्ष्मींचा संग्रह निघाला त्याच वर्षी, रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. भगिनीमंडळाच्या क्रुसावरील लॅटिन अक्षरांवरून त्यांनी घेतलेला आक्षेप प्रसिद्ध आहे. आपल्या देशातील स्त्रियांना आणि आपल्यालाही न समजणारी लॅटिन का, त्या जागी संस्कृत का नको, असे त्यांनी विचारले. पाहुणीने यजमानाची उपासना स्वीकारली होती. अक्षरे कोणती असावीत हे विचारण्याचा हक्क तिने सोडला नव्हता. रमाबाईंना हे शक्य झाले, कारण आईने शिकविलेले संस्कृत त्यांच्या जिभेवर होते. ज्याच्याजवळ स्वतःची भाषा आहे तोच तिच्यासाठी भांडू शकतो.

दुसरा प्रवास रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांपुढे मराठी मंडळीच्या गायनाचा प्रश्न उभा होता. इंग्रजी गीतांची भाषांतरे परक्या चालींत बसविताना मराठी शब्दांचे ऱ्हस्वदीर्घ मोडत, वाक्याचा कणा वाकडा होई. टिळकांनी अभंग, ओवी, कीर्तन यांकडे पाहिले. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानीत. त्यांच्या शेकडो रचना ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहाचा आधार झाल्या आणि गावोगावच्या मंडळ्यांच्या कंठी बसल्या. त्यांच्यातील काही निकल मॅक्निकल यांच्या भाषांतरांतून इंग्रजी गीतसंग्रहांतही गेल्या. म्हणजे परदेशी मंडळ्यांत टिळकही पाहुणे म्हणून गेले. फरक असा की टिळकांचे गीत आधी स्वतःच्या अंगणात गायले गेले आणि मग बाहेर पडले. एलन लक्ष्मींच्या गीताला अंगणच नव्हते.

या तुलनेचा शेवट निवाड्यात करू नये. टिळक एतद्देशीय म्हणून थोर आणि एलन लक्ष्मी परभृत म्हणून उण्या, असा सरळ हिशेब आपल्या समीक्षेने अनेकदा केला आहे. तो अन्यायाचा आहे. टिळकांना, रमाबाईंना आणि खुद्द नीलकंठशास्त्र्यांना धर्मांतरापूर्वी भाषा मिळालेली होती. धर्मांतराची किंमत त्यांनी नात्यांत आणि प्रतिष्ठेत मोजली, भाषेत मोजली नाही. त्या पिढीचे भाषिक मोल त्यांच्या मुलांना चुकवावे लागले, आणि एलन लक्ष्मींइतके ते क्वचितच कोणी चुकविले असेल. वडिलांनी काशीच्या पंडितांशी त्यांच्याच शास्त्रार्थाने वाद घातला. मुलीपाशी काशीशी भांडण्यापुरतीही काशी उरली नव्हती.

६

एलन लक्ष्मींचे उरलेले आयुष्य भारतात गेले. अमृतसर, अलाहाबाद, कानपूर ही त्यांची कार्यक्षेत्रे. अलाहाबादच्या अनाथाश्रमाचे काम त्यांनी पाहिले, १८९७ मध्ये त्या डीकनेस झाल्या, पुढे कानपूरच्या सेंट कॅथरिन रुग्णालयात त्यांनी सेवा केली. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले. अनाथपणाशी ज्यांची जन्मापासून ओळख, त्यांनी अनाथ मुलांचे घर चालविले. गीतातला आडोसा त्यांनी उत्तर हिंदुस्थानातल्या मुलींसाठी विटामातीचा केला, असे म्हटल्यास ते अलंकारिक बोलणे ठरू नये.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासाने त्यांचे काय करावे? त्यांनी मराठीत लिहिले नाही, म्हणून त्या मराठी लेखिका नव्हेत, हे उघड आहे. घराण्याच्या नावावरून त्यांना आपल्या यादीत ओढणे हा जातीचा अभिमान होईल, वाङ्मयाचा इतिहास होणार नाही. तरीही त्यांना वगळून एकोणिसाव्या शतकाचा इतिहास पुरा होत नाही. भाषेचा इतिहास हा त्या भाषेत जे लिहिले गेले त्याचा असतो, तसाच तिच्यातून जे निसटले त्याचाही असतो. एका मराठी शास्त्र्याच्या घरी जन्मलेल्या प्रतिभेला मराठीचा एक शब्दही वापरता येऊ नये, ही घटना मराठीच्याच इतिहासातील आहे. काशीतील मराठी समाज, मिशनचे कार्य, १८५७ ची उलथापालथ आणि इंग्रजी भक्तिगीतांची बाजारपेठ, या साऱ्यांची रेघ त्या एका गीतातून जाते. विद्यार्थ्यांनी ते वाचावे ते या दृष्टीने.

कॅथीड्रलात आठवडाभर गाऊन परतणाऱ्या पाहुण्या मंडळीला स्वतःचे एक चर्च असते, तेथे तिची रविवारची जागा राखलेली असते. म्हणून यजमानाच्या उपासनेत स्वतःला विसरणे तिला जड जात नाही. एकनाथांना पैठण होते, टिळकांना नगर होते, रमाबाईंनी केडगावला स्वतःचे घर उभे केले आणि तेथे बसून बायबलचे मराठी भाषांतर केले. या सर्वांच्या पाहुणेपणाला परतीची वाट होती. काशीत जन्मलेल्या या गायिकेपाशी ती नव्हती, आणि म्हणूनच तिच्या एका गीताला कोणत्याही देवघरात पाहुणे म्हणून शिरता आले. ते आजही जुन्या गीतसंग्रहांच्या पानांत आहे. खाली छापलेल्या तिच्या नावात मधला शब्द तेवढा आपल्या घरचा आहे, आणि तो आईचा आहे.